मुद्दल, दर आणि मुदत



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानमालेला जमतो, त्या सरांनी मला आठवी ते दहावी गणित शिकवलं. व्याजाचं गणित फळ्यावर घालताना ते आधी तीन शब्द एकाखाली एक लिहीत : मुद्दल, दर, मुदत. मुलांनी घाईने गुणाकार सुरू केला की खडू खाली ठेवून विचारत, “मुदत वाचली का?” गणितात मुदत कधी वर्षांत दिलेली असे, कधी महिन्यांत, आणि निम्मा वर्ग तिथेच चुके. मीही चुकले आहे.

पुढे मी डोळ्यांची डॉक्टर झाले. गेली तीस वर्षं तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. रोज एक तरी पेशंट विचारतो, “मॅडम, लेसरनं नंबर काढायला किती खर्च येतो?” तो मुद्दल विचारत असतो. मुदत कुणी विचारत नाही. सरांच्या नावाने बोलायची संधी मिळाली, तेव्हा त्यांच्याच पद्धतीने हे गणित मांडावं असं ठरवलं.

मी कुठे उभी राहून बोलते आहे हे आधी सांगायला हवं. लेसरचं यंत्र माझ्याकडे नाही, ते मोठ्या शहरात आहे आणि पेशंट मी तिकडे पाठवते. चष्म्याचं दुकानही माझं नाही. मी नंबर तपासते, मोतीबिंदूची ऑपरेशनं करते आणि वयाच्या अकराव्या वर्षापासून चष्मा लावते.

अलीकडेच एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी चोवीस वर्षांची, पुण्यात आयटी कंपनीत नोकरी, दोन्ही डोळ्यांना उणे चारच्या आसपास नंबर. आई म्हणाली, “दिवाळीनंतर स्थळं बघायला सुरुवात करायचीय, त्याआधी नंबर काढून टाकू म्हणतो.” मुलगी काही बोलली नाही. तिच्याकडे मी शेवटी येईन. आधी ते लेसर डोळ्यात नक्की करतं काय, ते पाहू.

बुबुळाच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक भाग असतो, त्याला आम्ही कॉर्निया म्हणतो. प्रकाश वळवण्याचं दोन तृतीयांश काम तो करतो. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणजे साधारण ५४० मायक्रॉन. उणे नंबराच्या माणसाचा डोळा बहुतेक वेळा लांबट असतो, त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा डोळ्यातल्या मागच्या पडद्याच्या अलीकडेच पडते. चष्म्याची अंतर्गोल काच ती मागे ढकलते. लेसर तेच काम कॉर्निया मधोमध घासून, तो किंचित चपटा करून करतं. एका नंबरामागे बारा ते पंधरा मायक्रॉन ऊती जाते. उणे चारला साठेक मायक्रॉन, म्हणजे जेमतेम डोक्याच्या केसाच्या जाडीइतकी.

पण लेसिकमध्ये लेसर मारण्याआधी वरचा शंभर-एकशेदहा मायक्रॉनचा पापुद्रा पुस्तकाच्या पानासारखा उचलतात आणि नंतर परत बसवतात. तो बसतो, चिकटतो, पण पूर्वीइतकी ताकद पुन्हा देत नाही. म्हणून हिशेबात तोही खर्ची धरायचा. ५४० मधून ११० गेले, ६० गेले, ३७० उरले. खाली किमान २५० मायक्रॉन अस्पर्श राहिले पाहिजेत असा जुना दंडक आहे, सावध सर्जन आता ३०० धरतात. म्हणजे या मुलीचं भागतं. तिचाच नंबर उणे नऊ असता तर १३५ मायक्रॉन घासावे लागले असते आणि शिल्लक तीनशेच्या खाली गेली असती. अशांना पापुद्रा न उचलता पृष्ठभागावरून लेसर मारायचं, की डोळ्याच्या आत कायमचं भिंग बसवायचं, की चष्मा राहू द्यायचा, हा वेगळा विचार करावा लागतो. हे खातं असं आहे की त्यात पुन्हा जमा काही होत नाही. एकदा काढलेली रक्कम काढलेलीच.

या लेसरच्या मुळाशी आपल्याकडचा एक माणूस आहे, हे फारसं सांगितलं जात नाही. रंगस्वामी श्रीनिवासन, जन्म मद्रासचा. आयबीएमच्या न्यूयॉर्कजवळच्या प्रयोगशाळेत ते अतिनील लेसरवर काम करत होते. नोव्हेंबर १९८१ मध्ये, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी घरचं उरलेलं टर्कीचं मांस आणि हाड प्रयोगशाळेत आणलं आणि त्यावर १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा झोत सोडला. कड जळाली नाही, काळी पडली नाही. चर स्वच्छ निघाला. साध्या लेसरने करपतं, या लेसरने रेणूंचे बंध तुटून पातळ थर उडून जातो. न्यूयॉर्कच्याच स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञाने १९८३ साली हे कॉर्नियावर वापरता येईल हे दाखवलं. १९९० च्या सुमारास क्रीट बेटावरच्या आयोनिस पल्लिकारिस यांनी पापुद्रा उचलून आत लेसर मारायची पद्धत माणसावर वापरली, तेच लेसिक. श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी जेम्स वाइन व सॅम्युअल ब्लम या तिघांना पुढे अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं.

मात्र मला तुम्हाला जास्त वेळ थांबवायचं आहे ते लेसरच्या आधीच्या एका शस्त्रक्रियेपाशी, कारण मुदत न वाचण्याचा धडा तिथे आहे.

१९७० च्या दशकात मॉस्कोमध्ये स्व्यातोस्लाव फ्योदोरोव या सर्जनने कॉर्नियावर छेद देऊन नंबर काढायची पद्धत रूढ केली. सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारखे छेद, मधला भाग सोडून कडेपर्यंत. छेदांमुळे कडेचा भाग सैल पडतो, मध्य चपटा होतो, उणे नंबर जातो. फ्योदोरोवच्या संस्थेत ही ऑपरेशनं कारखान्यातल्या पट्ट्यासारखी चालत, एकेका टप्प्याला एकेक सर्जन. ही पद्धत जगभर गेली, आपल्याकडेही आली. लोक दुसऱ्या दिवशी चष्मा काढून घरी जात. मुद्दल वाजवी, निकाल डोळ्यांदेखत.

अमेरिकेत मात्र १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काही डॉक्टरांनी ठरवलं की हे रुग्ण वर्षानुवर्षं तपासत राहायचे. चारशेहून अधिक माणसं, प्रत्येक डोळ्याला आठ छेद, ठरलेल्या वेळी ठरलेल्या तपासण्या. दहा वर्षांचा निकाल १९९४ मध्ये छापून आला. बहुसंख्यांना दूरचं ठीक दिसत होतं, पण ४३ टक्के डोळे एक किंवा त्याहून जास्त नंबराने अधिक बाजूला सरकले होते. म्हणजे ज्यांचा उणे नंबर शून्यावर आणला, त्यांतल्या कित्येकांना आता उलट्या बाजूचा चष्मा लागत होता, आणि तो वाढत चालला होता. छेद दिलेला कॉर्निया पुन्हा घट्ट झालाच नव्हता. मी असे दोन-तीन पेशंट पाहिले आहेत. सकाळी एक नंबर, संध्याकाळी दुसरा. एक गृहस्थ दोन चष्मे घेऊन फिरायचे, न्याहारीचा आणि दुपारच्या चहानंतरचा.

लेसिकचं असं झालेलं नाही, हे तितक्याच स्पष्टपणे सांगते. लेसिकला आता तीस वर्षं उलटून गेली आहेत. काहींचा नंबर थोडा परततो, पण त्या छेदांसारखी घसरण इथे दिसत नाही. मी ही हकीकत सांगितली ती भीती घालायला नाही. पहिल्या वर्षाचा निकाल पाहून कुणी छेदांच्या पद्धतीला नावं ठेवली नसती. दहावं वर्ष पाहणारं कुणीतरी होतं, म्हणून आपल्याला कळलं.

आता पैशांचं गणित. आकडे मी सोयीचे घेते. शहर आणि यंत्र बदललं की लेसरचा खर्च निम्मा होतो किंवा दीडपट. तुम्ही तुमचे आकडे घाला, रीत तीच राहील.

चोवीस वर्षांची मुलगी. तपासण्या आणि थेंबांसकट लेसरचे ८०,००० रुपये धरू. चष्मा दर दोन वर्षांनी बदलते, फ्रेम आणि काचा मिळून ३,००० रुपये. म्हणजे वर्षाला १,५००. या हिशेबाने ८०,००० रुपये फिटायला त्रेपन्न वर्षं लागतील. तिला पातळ काचा, निळ्या प्रकाशाचं कोटिंग, नावाजलेली फ्रेम हवी असेल, दर खेपेला ८,००० रुपये जात असतील, तर वर्षाला ४,०००. मग बरोबर वीस वर्षांत फिटतील, म्हणजे तिच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. हे वय लक्षात ठेवा, त्याकडे यायचं आहे.

कॉन्टॅक्ट लेन्सचं चित्र वेगळं. महिन्याने बदलायच्या लेन्स आणि त्यांचं सोल्यूशन मिळून महिन्याला हजार रुपये धरले तर वर्षाला १२,०००. लेसर सात वर्षांच्या आत फिटतं. रोज नव्या, रात्री फेकून द्यायच्या लेन्स वापरल्या आणि दोन्ही डोळ्यांचे दिवसाला शंभर रुपये धरले, तर सव्वादोन वर्षांत.

सर इथे थांबू देत नसत. दर लावा म्हणत. ८०,००० रुपये आज न खर्चता सहा टक्के चक्रवाढीने ठेवले तर वीस वर्षांत अडीच लाखांच्या वर जातात. चष्म्याचे वर्षाला १,५०० तसेच ठेवत गेलात तर पंचावन्न हजार होतात. लेन्सचे वर्षाला १२,००० ठेवत गेलात तर चार लाख चाळीस हजारांच्या आसपास. म्हणजे निव्वळ रुपयांत चष्मा सर्वांत स्वस्त, लेसर मधे, लेन्स सर्वांत महाग. आमच्याकडे येणाऱ्या मुलांच्या मनात लेसर आणि लेन्सचा क्रम नेमका उलटा असतो. लेसरचे ऐंशी हजार एकदम दिसतात, लेन्सचे हजार दर महिन्याला मोबाइलच्या रिचार्जसारखे निघून जातात.

आता याच गणितात वय अडतीस घाला. चव्वेचाळीसपर्यंत सहा वर्षं राहिली. लेन्सचा सहा वर्षांचा खर्च ७२,०००. लेसर लेन्सच्या तुलनेतसुद्धा फिटत नाही. एकच शस्त्रक्रिया, एकच रक्कम, वय बदललं आणि उत्तर बदललं.

आता लेन्सची दुसरी बाजू. मऊ लेन्स चेक शास्त्रज्ञ ओट्टो विख्तरले यांनी १९६१ च्या नाताळात घरातल्या टेबलावर तयार केली. मुलाच्या मेर्कुर नावाच्या जोडणीच्या खेळण्यांचे भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून त्यांनी साचा फिरवला. किती सुंदर वस्तू आहे ही, पाणी धरून ठेवणारं, बोटाच्या टोकावर थरथरणारं एवढंसं भिंग. आणि माझ्या दवाखान्यात दृष्टी गमावण्याची जी कारणं मला सर्वांत जिव्हारी लागतात, त्यांत तिचा निष्काळजी वापर आहे. दिवसा वापरून रात्री काढणाऱ्या दहा हजार माणसांत वर्षाला चारेक जणांच्या कॉर्नियाला जंतुसंसर्ग होतो. लेन्स घालूनच झोपणाऱ्यांत हा आकडा विसाच्या घरात जातो. अमेरिकेतल्या १९८९ सालच्या अभ्यासाचे हे आकडे आहेत.

आपल्याकडे त्यात नळाची भर. सोल्यूशन संपलं, महिनाअखेर आहे, म्हणून लेन्स नळाखाली धुतात. टाकीच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा जीव असू शकतो. तो कॉर्नियात शिरला की महिनोन्‌महिने थेंब, असह्य वेदना आणि कधीकधी शेवटी नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया बसवायची पाळी. वसतिगृहात राहणारी एक मुलगी माझ्याकडे आली होती. एक महिन्याची लेन्स ती तीन महिने वापरत होती. “अजून चांगली दिसत होती म्हणून” असं म्हणाली. तीन महिन्यांत तिने फार तर दोन हजार वाचवले. उजव्या कॉर्नियावर आज पांढरा डाग आहे.

म्हणून कुणी लेन्सची शिस्त पाळू शकत नसेल तर त्याने लेसरचा विचार करावा, असं मी बेधडक सांगते. वाफेसमोर स्वयंपाक करणारा आचारी, अग्निशमन दलातला जवान, उणे सात नंबराची आई जिला रात्री बाळ रडलं की आधी चष्मा चाचपडावा लागतो, यांच्यासाठी ते ऐंशी हजार रुपये सार्थकी लागतात. माझ्या ओळखीच्या कबड्डीपटूने लेसर झाल्यावर सांगितलं, “पहिल्यांदा मला कळलं समोरचा कुठे बघतोय.” याची किंमत वर्षाला १,५०० रुपयांच्या भाषेत होत नाही, आणि मी ती करायलाही जात नाही.

आता त्या चव्वेचाळीस वर्षांकडे. आपल्या भाषेने फार पूर्वी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. जवळचं वाचायच्या चष्म्याला आपण चाळिशी म्हणतो. वयाचं नावच वस्तूला दिलं. बुबुळाच्या मागे जे नैसर्गिक भिंग आहे, ते लहानपणी लवचीक असतं. जवळचं बघताना फुगतं. दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यात अशी बारा-चौदा नंबरांची ताकद राखीव असते. चाळिशीत ती चार-पाचवर येते, पन्नाशीत एक-दोनवर. चाळीस सेंटिमीटरवर पेपर धरून वाचायला अडीच नंबर लागतात. हिशेब तुम्हीच करा.

लेसर या भिंगाला हात लावत नाही. म्हणून लेसर झालेल्या प्रत्येकाला चाळिशी लागतेच. यात कुणाचा दोष नाही आणि शस्त्रक्रिया फसली असंही नाही. पण पंचेचाळीसची बाई तावातावाने येते, “तेव्हा कायमचा नंबर गेला म्हणाले होते!” तेव्हा कुणीतरी तिला मुदत सांगितली नव्हती हे मला कळतं.

उणे दोन-अडीचवाल्यांना तर इथे एक देणगी असते. त्यांनी चष्मा काढला की जवळचं आपोआप स्पष्ट दिसतं.  ऐंशी वर्षांची माणसं चष्म्याविना पोथी वाचतात, त्यांतली काही अशीच. चाळिशीच्या उंबरठ्यावर अशा माणसाने लेसर करून घेतलं तर दूरचा चष्मा जातो आणि जवळचा येतो. दिवसातले आठ तास मोबाइल आणि कागदावर जात असतील तर त्याने काय कमावलं? एक डोळा दूरचा आणि एक जवळचा ठेवायची युक्ती आहे, कित्येकांना ती जमते. पण ती आधी पंधरा दिवस कॉन्टॅक्ट लेन्सवर करून बघायची. मेंदूला पटलं तर पुढे जायचं.

जवळच्या चष्म्याचं मोल किती, हे मला आसामच्या चहामळ्यांतल्या एका अभ्यासाने शिकवलं. चाळिशी पार केलेल्या मजुरांना वाचायचे साधे चष्मे दिले आणि रोज किती पानं खुडली जातात ते मोजलं. चष्मे न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांचं काम जवळजवळ बावीस टक्क्यांनी जास्त वाढलं. २०१८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. जत्रेत दोनशे रुपयांना मिळणारी वस्तू ही. आपल्या गावातल्या शिलाई मशीनवर बसणाऱ्या किती बायका सुईत दोरा ओवायला नातवाला हाक मारतात, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

लेसरच्या खर्चाच्या खात्यात आणखी काही नोंदी आहेत, त्या पैशांत लिहिता येत नाहीत. कॉर्नियातल्या बारीक नसा कापल्या जातात, म्हणून सुरुवातीला डोळे कोरडे पडतात. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने संरक्षण खात्यासह केलेल्या पाहणीत, आधी कोरडेपणाची तक्रार नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी ती होती. आधी दिसण्यात असा काही त्रास नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना दिव्याभोवती वलय दिसणं यासारखं किमान एक नवं लक्षण जाणवलं. त्याच पाहणीत ९५ टक्क्यांहून जास्त लोक आपल्या दृष्टीवर समाधानी होते आणि त्रासामुळे रोजची कामं अडलेल्यांचं प्रमाण एक टक्क्याहून कमी होतं. हे दोन्ही प्रकारचे आकडे एकत्र ऐका. जाहिरातीत समाधानाचे असतात, घाबरवणाऱ्या चित्रफितीत त्रासाचे. रात्री एसटी चालवणाऱ्याला त्या वलयाचं वजन वेगळं, दिवसा शाळेत शिकवणाऱ्याला वेगळं.

विम्याबाबत थोडक्यात : साडेसात नंबरापेक्षा कमी नंबर काढायचा खर्च आरोग्य विम्यात मिळत नाही, विमा नियामकाचा तसा ठरलेला अपवाद आहे. त्याहून मोठा नंबर असेल तर पॉलिसी वाचा आणि विचारा. नोकरीचंही आधी बघा. रेल्वे इंजिनचालकासारख्या पदाला लेसर केलेला उमेदवार अपात्र ठरतो. सैन्यदलांत वय, ऑपरेशननंतर गेलेला काळ, उरलेली जाडी अशा अटी असतात. भरतीसाठी चष्मा काढायला गेलेला मुलगा त्या कारणानेच भरतीबाहेर गेल्याचं मी पाहिलं आहे. त्याचे वडील बाकावर बसून राहिले होते, बराच वेळ.

सर्वांत मोठा गैरसमज मात्र हा आहे की नंबर गेला म्हणजे डोळा बरा झाला. उणे आठचा डोळा लेसरनंतर चष्म्याविना बघतो, पण तो लांबटच राहतो. त्याचा पडदा ताणलेलाच असतो, फाटण्याचा धोका होता तेवढाच असतो. पूर्वी चष्म्यासाठी तरी दरवर्षी डॉक्टरकडे जायचे, आता तेही बंद होतं. काचबिंदूचं असंच. कॉर्निया पातळ झाल्यामुळे डोळ्याचा दाब यंत्रावर खऱ्यापेक्षा कमी दिसतो. डॉक्टरला लेसर झालंय हे माहीत नसेल तर तो “दाब छान आहे” म्हणून घरी पाठवेल. बाहुली मोठी करून पडदा तपासायचे वर्षाचे ते काही शे रुपये लेसरनंतरही द्यायचे आहेत, ते गणितात धरा.

मोतीबिंदूची गोष्ट माझ्या हातून घडलेली आहे. पासष्टीचे एक गृहस्थ आले, पंचवीस वर्षांपूर्वी लेसिक झालेलं. मोतीबिंदू काढून आत जे भिंग बसवतो त्याचा नंबर काढताना कॉर्नियाची गोलाई धरतात. लेसर झालेल्या कॉर्नियावर नेहमीचं यंत्र आणि नेहमीचं सूत्र चकतं, आणि माणूस अधिक नंबराच्या बाजूला जाऊन पडतो. यासाठी वेगळी सूत्रं आहेत, आणि ऑपरेशनपूर्वीचा नंबर व गोलाईची मापं मिळाली तर पडताळा घेता येतो. मी विचारलं, कागद? ते म्हणाले, घर बदलताना गेले. ज्या दवाखान्यात झालं तो बंद पडला होता. मी उपलब्ध सूत्रांची सरासरी घेतली, त्यांना धोका समजावला आणि भिंग बसवलं. अधिक दीड नंबर राहिला. दूरला चष्मा, जवळला चष्मा. आयुष्यातली पंचवीस वर्षं दूरच्या चष्म्याविना काढलेला माणूस. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता ती मुलगी. आईला मी बाहेर बसवलं आणि मुलीला विचारलं, तुला काय हवंय? ती म्हणाली, “मला चष्म्याचा त्रास नाही. लेन्सनी मात्र संध्याकाळी डोळे टोचतात. मी ट्रेकला जाते, पावसात चष्मा पुसायला कोरडं कापड मिळत नाही.” हे कारण तिचं स्वतःचं होतं, आणि मला ते पटलं. नंबर दोन वर्षं बदललेला नव्हता. घरात कुणाला कॉर्निया शंकूसारखा पुढे येण्याचा आजार नव्हता, डोळे चोळायची सवय नव्हती. मी तिला सांगितलं, लेन्स पंधरा दिवस पूर्ण बंद, कारण लेन्सच्या दाबाने गोलाई बदलते आणि नकाशा चुकीचा येतो. मग कॉर्नियाचा नकाशा काढायचा. त्या तपासणीचे हजार-दोन हजार या सगळ्या खर्चातले सर्वांत मोलाचे. कारण “तुमचं करू नका” हे सांगणारी मुख्य तपासणी तीच असते.

आईला आत बोलावलं तेव्हा पहिला प्रश्न आला, “पंधरा दिवस? रविवारी फोटो काढायचेत.” मी आजवर असंख्य आयांना जे सांगितलं तेच सांगितलं. तारीख गाठायची म्हणून डोळ्याची तपासणी आवरती घ्यायची नसते. ज्या घराला मुलीच्या नाकावरचा चष्मा खुपतो, ते घर तिला चाळिशी लागल्यावर काय म्हणेल? आणि मुलाला चष्मा असेल तर त्या घरात कुणी विचारतं का? माझ्या आवाजात थोडा कडवटपणा आला असेल. चष्मा लावून अशाच एका पाहण्याच्या कार्यक्रमाला मीही बसलेली आहे.

मुलीने मग तिचं तिनेच विचारलं, “मॅडम, हे किती वर्षं पुरेल?” मी म्हटलं, साधारण वीस. त्यानंतर वाचायला चष्मा लागेल, आणि आणखी वीसेक वर्षांनी मोतीबिंदू. ती क्षणभर आकडेमोड करत बसली. “चालेल,” म्हणाली.

फोटो तिने चष्म्यासकट काढले. पंधरा दिवसांनी नकाशा काढला, तो चांगला आला. ऑपरेशन झालं. महिन्याने दाखवायला आली तेव्हा तिचं बोट अजून नाकावरची नसलेली फ्रेम वर सरकवायला जात होतं. मी आधीचा नंबर, गोलाईची मापं आणि जाडी एका कागदावर लिहून सही करून दिली, म्हटलं, याची प्रत घरी ठेव, मोबाइलमध्ये ठेव, आणि साठीत मोतीबिंदूच्या डॉक्टरला दाखव. आईने तो कागद तिच्या हातातून घेतला, दोनदा घडी घातली आणि पर्समधल्या चेनच्या कप्प्यात ठेवला. “सोन्याच्या पावत्यांबरोबर लॉकरमध्ये ठेवते,” म्हणाली.